कान बांधलेली रोपं

मे महिना अर्धा सरल्यावर फोनवर थंडीचा इशारा आला, तेव्हा मला आधी राग आला. भीती नंतर वाटली. ऑफिसात दुपारचा डबा खाऊन नुकतीच जागेवर येऊन बसले होते. आज रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार, उद्या रात्री त्याहूनही खाली, नाजूक झाडं झाका नाहीतर घरात घ्या, असं लिहिलेलं. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि विद्यापीठाची पोरं अर्ध्या चड्ड्यांत गवतावर लोळत होती. मी फोनला अस्सल नागपुरी शिवी हासडली. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं मला शिंक आली. त्या ‘ब्लेस यू’ म्हणाल्या.

मग रोपं आठवली. घरामागच्या वाफ्यात माझ्या आईच्या मिरचीची दहा रोपं होती. ती मिरची जगात तेवढीच उरली होती, निदान माझ्या जगात तरी. आणि माझे वडील त्या रोपांच्या जिवावर जगत होते. हे वाक्य नाटकी आहे, मला कळतं. पण त्या दिवसांत मी ते मनाशी सारखी म्हणत असे, आणि म्हणताना मला ते जराही नाटकी वाटत नसे.

आई डिसेंबरात गेली. न्यूमोनिया झाला होता. मी पेनसिल्व्हेनियातल्या या आडगावातून विमानं बदलत नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिला मी शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. दवाखान्यातली खाट, उशी, आणि डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेल्या तपकिरी मफलरमधून दिसणारा तिचा चेहरा. शेजारी बाबा, तेही कानटोपीत. आमच्या घरात थंडीला आत यायला एकच वाट होती, ती म्हणजे कान. ‘गारठा कानातून शिरतो’ हे बाबांचं ठाम मत. सकाळच्या शाळेला निघताना, रातराणी बसने प्रवास करताना, अंगात ताप असताना, एक वेळ स्वेटर नसला तरी चालेल, पण कान उघडे दिसले की बाबा खवळायचे. वर्गातल्या मुली मला हसायच्या. म्हणून आईला असं बांधलेलं बघून मला तेव्हा बरं वाटलं होतं. बाबा तिला नीट सांभाळतायत, एवढं मला त्या पडद्यात दिसलं.

जानेवारीत मी बाबांना इथे घेऊन आले. त्यांचं जेवण तिकडेच सुटलं होतं. ताटावर बसायचे, दोन घास खायचे, ताट सरकवायचे. ‘चव नाही, बेटा,’ एवढंच म्हणायचे. मी वरण-भात करून पाहिला, झुणका केला, देशी दुकानांच्या एडिसनहून कुणी येणार असलं की त्यांच्याकरवी ज्वारीचं पीठ मागवलं, भाकऱ्या थापल्या. चव नाही. सगळ्या तपासण्या करून घेतल्या, त्याही चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, वेळ द्या. वेळ द्यायला माझी ना नव्हती, पण बाबांची पँट दर आठवड्याला पट्ट्यात आणखी चुण्या घेत होती. ज्या माणसाचा आवाज आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, तो माणूस दिवसभर कानटोपी घालून खिडकीशी बसायचा आणि पाणी हवं असलं तरी मागायचा नाही.

फेब्रुवारीत मी चिडून फ्रिज साफ करायला काढला. चिडले की मी काहीतरी साफ करायला काढते. तेव्हा मागच्या कोपऱ्यात एक काचेची बरणी सापडली. तळाशी मूठभर वाळक्या लाल मिरच्या. मागे एकदा नागपूरहून निघताना आईने बांधून दिलेल्या, आमच्या अंगणातल्या. बुटक्या, जाड, सुरकुतलेल्या. दरवर्षी झाडावर जी मिरची सगळ्यात आधी लाल होई तिला ती हात लावू देत नसे, ती बियाण्याची. बाबांनी बरणी उघडून वास घेतला. मग ताटली मागितली. कितीतरी दिवसांनी त्यांनी काहीतरी मागितलं होतं.

एकेक मिरची मोडून ते बी झटकत बसले. ‘तिथं आता फरशी आहे,’ ते म्हणाले. माझ्या भावाने गाडी उभी करायला अंगणात फरशी बसवून घेतली होती, आई गेल्यावर लगेचच. म्हणजे हातात होतं तेवढंच बी. आम्ही ते सगळं लावलं, एकही दाणा मागे ठेवला नाही. बी जुनं होतं, बरंचसं उगवलंच नाही. जी रोपं वर आली ती बाबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत लहान बाळांसारखी वाढवली. आणि एकदा, मी भाकरीचा तुकडा त्यांच्यापुढे धरून गयावया करत होते तेव्हा, जरासं हसून म्हणाले, ‘तिच्या मिरच्या लागू दे. ठेचा कर. मग जेवीन.’

ते गमतीने म्हणाले असतील. मी ते शपथेसारखं धरलं.

आता माझा नवरा. हा पुण्याचा. याला कुठल्याही गोष्टीत आधी धोका दिसतो, मग ती गोष्ट दिसते. त्याने पहिल्यापासून सांगितलं होतं, ‘मे एंडपर्यंत थांब. इथे सगळे मेमोरिअल डेनंतरच लावतात. आपलं घर खाली आहे, यार, सगळी थंड हवा उतरून आपल्याच बॅकयार्डमध्ये येऊन बसते.’ खरंच होतं ते. पण बाबा म्हणाले, ‘बुद्धपौर्णिमेले लावू,’ आणि माझ्यासाठी विषय संपला. ती यंदा मेच्या सुरुवातीलाच होती. सकाळी बाबांनी पांढरा सदरा घातला, आम्ही वंदना घेतली, मी खीर केली. मग तिघांनी मिळून रोपं जमिनीत लावली. लावल्यावर दोन रोपं माना टाकून गेली, दहा राहिली. आणि त्या दिवशी बाबांनी वाटीभर खीर खाल्ली. पूर्ण वाटी. बोट फिरवून. यानंतर मला कुठल्याही वेधशाळेने काहीही सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तर इशारा आला आणि मी बाबांना फोन केला, ‘आज रोपं झाकावी लागतील, मी निघतेच.’ कॅम्पसची बस त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर उगाचच थांबत होती. घरी पोचले तर सूर्य टेकडीवर टेकला होता आणि बाबा वाफ्याजवळ बसलेले. शेजारी त्यांची बॅग उघडी. बॅगेत आईच्या चार साड्या. त्यांनी त्या आणल्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. चार महिने त्या साड्या त्यांच्या खाटेखाली होत्या.

‘कान बांधू त्यांचे,’ बाबा म्हणाले, आणि त्यांनी आईची हिरवी सुती साडी काठापासून टर्रकन फाडली.

‘बाबा! आईच्या साड्या!’

‘तिच्याच मिरचीले नाही तं कोणाले कामी येतीन?’

त्यांचा आवाज पूर्वीसारखा होता. मला त्या फाडण्याचा त्रास होत होता आणि त्या आवाजाने रडू येत होतं, आणि हात चालू ठेवायचे होते कारण ऊन उतरत होतं. प्रत्येक रोपाशी एक काठी रोवायची, साडीची रुंद पट्टी शेंड्यावरून घ्यायची, पानांभोवती दोन वेढे, आणि खाली खोडाशी गाठ. थेट आम्हाला शाळेत जाताना बांधायचे तसं. घट्ट, पण गळा आवळायचा नाही. बाबा मला शिकवत होते. ‘असं नाही. कानावरून घे. हां.’ मिरचीच्या रोपाला कान कुठे असतात हे मी विचारलं नाही. मला कळत होतं ते कुठे असतात.

नवरा आला तो गॅरेजमधून प्लास्टिकचा मोठा कागद घेऊनच. मी म्हटलं, गुदमरतील. तो म्हणाला, ‘मग खणून कुंड्यांत घालू, घरात घेऊ. सिंपल.’ बाबांनी मान हलवली. ‘आत्ता कुठं मूळ धरलं. पुन्हा हात लावला तं एकही वाचणार नाही.’ नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी डोळे वटारले, तो प्लास्टिक घेऊन परत गेला.

तीन साड्यांत नऊ रोपं झाली. उरली चौथी साडी. पांढरी, निळ्या काठाची, आई विहारात जाताना नेसायची ती. बाबांनी तिचा काठ दोन्ही हातांत धरला. फाडायला जोर लावला, थांबले, पुन्हा धरला. मग म्हणाले, ‘ही राहू दे.’ घडी अर्धी उलगडून त्यांनी ती तशीच्या तशी भिंतीजवळच्या शेवटच्या रोपावर टाकली. काठीवरून ती तंबूसारखी जमिनीपर्यंत आली. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने विटा ठेवल्या.

त्या संध्याकाळी बाबांनी एक अख्खी भाकरी खाल्ली. आई मिरच्या खुडताना शेजारणींशी कशी भांडायची, ते सांगितलं. नवऱ्यालासुद्धा हसू आलं. मी गाढ झोपले, आणि नंतर मला सगळ्यात जास्त संताप आला तो त्या झोपेचाच.

सकाळी गवत पांढरं पडलं होतं. साडीच्या पट्ट्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या, गाठी सुटेनात. बाबांनी पहिली गाठ दातांनी सोडवली. आत पान हिरवं होतं. हिरवंगार, काचेसारखं चकाकणारं. दुसरं सोडलं, तेही हिरवं. तिसरं, चौथं. ‘वाचली!’ मी ओरडले. बाबांनी टाळी वाजवली. नवऱ्याने व्हिडिओ काढला. तो अजून त्याच्या फोनमध्ये आहे, मी त्याला तो पुसू देत नाही आणि बघूही देत नाही.

मी चहा टाकायला आत गेले. तेवढ्यात ऊन वाफ्यावर आलं. चहा गाळून बाहेर आले तर पानं काळी पडायला लागली होती. आमच्या डोळ्यांदेखत. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकासारखी ती मऊ होऊन देठावर लोंबायला लागली. आतलं पाणी गोठलं होतं, ते गोठलेलं होतं तोवर पानं ताठ उभी होती एवढंच. एकामागून एक नऊच्या नऊ गेली. मी गुडघ्यावर बसून पानं हातात धरून वर उचलत होते, जणू उचलून धरली की राहतील. नवरा मला ‘ऊठ ना, अगं’ म्हणत होता आणि मी त्याच्यावर, सूर्यावर, त्या फोनवर, सगळ्यांवर ओरडत होते.

बाबांनी शेवटी पांढरी साडी उचलली. आतलं रोप हिरवं होतं. चकाकणारं नाही, साधं हिरवं. पान मऊ, कोरडं, बोटात वाकणारं. ऊन आलं तरी ते तसंच राहिलं.

‘भिंतीमुळे असेल,’ नवरा म्हणाला. पण त्याच भिंतीला लागून हातभर अंतरावर दुसरं रोप होतं, कान बांधलेलं, आणि ते मेलं होतं. मी साडीखाली हात घातला. माती गार नव्हती. हातावर ओलसर ऊब लागली, अगदी थोडी, पण होती. आणि मला एकदम समजलं. दिवसभर जमिनीने ऊन प्यायलेलं असतं, रात्री ती ते परत सोडते. साडी जमिनीपर्यंत आली होती म्हणून ती ऊब आत अडकली. बाकीच्यांना आम्ही गळ्याशी गाठ मारून वर बांधलं आणि खालून उघडं टाकलं. रोपाला स्वतःची ऊब कुठे असते? ती खालून येत होती आणि निघून जात होती.

मला काहीतरी समजलं की मी ते मोठ्याने सांगते. ‘बाबा, आपण उलटं केलं! थंडी कानातून नाही शिरत. ऊब खालून येते. कान नाही, पाय झाकायला हवे होते!’

बाबा खाली बसले. त्यांनीही साडीखाली हात घातला आणि तो तिथेच ठेवला. बराच वेळ. मला वाटलं ते रोप चाचपतायत. मग उठले, डोक्यावरची कानटोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि आत निघून गेले.

त्या दिवशी त्यांनी काहीच खाल्लं नाही. चहासुद्धा नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, उघड्या डोक्याने. मी रजा टाकली. दारातून तीनतीनदा विचारलं, ‘बाबा, थोडी खीर करू?’ ‘नको, बेटा.’ ‘एक रोप आहे ना अजून. ते जगवू आपण.’ ‘हो,’ ते म्हणाले, पण आवाजात काही नव्हतं. मला कळेना, नऊ रोपांचं एवढं दुःख? पण मग वाटलं, एवढंच का नसेल? एक बाई गेली, एक अंगण गेलं, आता तिची रोपं गेली. माणूस कशाला धरून बसणार? आणि मी जे मनाशी म्हणत होते त्यात आता एकच रोप उरलं होतं. ते गेलं की बाबा गेले.

दुपारी मी त्या रोपाशी जाऊन बसले. आजची रात्र कालच्याहून थंड होती. नवऱ्याचं कुंडीचं म्हणणं आता मलाही पटायला लागलं होतं. एकच तर रोप, जपून काढलं तर निघेल. खुरपं घेतलं, लांबून गोल खणायला सुरुवात केली. इथली जमीन दगडाची आहे. खुरपं दगडावरून घसरलं आणि काडकन आवाज आला. बारीक आवाज, पण हाताला कळला. मूळ तुटलं होतं. मी खुरपं फेकून दिलं, माती परत ढकलली, दोन्ही हातांनी दाबली आणि तिथेच बसून रडले. रडताना एकीकडे मला स्वतःचा रागही येत होता, कारण ऊन चाललं होतं आणि मातीत ऊन भरून ठेवायचं तर माती उघडी हवी आणि मी तिच्यावर सावली पाडून बसले होते.

मग उठले. वाफ्यावरचा पेंढा सगळा ओढून काढला. पाणी घातलं, ओली माती ऊन जास्त धरते असं वाचलं होतं. नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, ‘लवकर ये. आणि दुधाचे रिकामे कॅन आण, मिळतील तेवढे.’

‘किती?’

‘मला भांडायला वेळ नाहीये!’

‘मी भांडतच नाहीये यार,’ तो म्हणाला, आणि अर्ध्या तासात आला. सगळे कॅन आम्ही कढत पाण्याने भरले आणि रोपाभोवती ठेवले. काठ्या वाढवल्या, म्हणजे कापड पानाला टेकणार नाही. त्यावर आईची पांढरी साडी, जमिनीपर्यंत. तिच्यावर आमचं पांघरूण, जाडजूड, आमच्या पलंगावरचं, तेही जमिनीपर्यंत. कडेने एक फट राहू द्यायची नाही. विटा संपल्या. मग दगड, कुकर, पाट, खलबत्ता, नवऱ्याचे बर्फातले बूट, घरात जड म्हणून जे होतं ते मी बाहेर आणून त्या पांघरुणाच्या कडेवर मांडलं. नवऱ्याने आतून त्याची व्यायामाची वजनंही आणून दिली. कुंपणापलीकडचे आजोबा कुत्रा फिरवताना थांबून बघत होते. त्यांनी हात हलवला, मी हलवला नाही.

बाबांना म्हटलं, ‘बघायला तरी या.’ ते आले नाहीत. ताट ठेवलं ते तसंच परत आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बाहेर गेले. पांघरूण पांढरं झालं होतं आणि हात लावला तर कडक. मी ते उचललं नाही. काल फसले होते. ऊन येईपर्यंत थांबले. नवरा येऊन शेजारी उभा राहिला. थंडीने दोघांचे दात वाजत होते. टेकडीवरून ऊन खाली उतरलं, गवतावर आलं, वाफ्यावर आलं, पांघरुणावर आलं. मग आम्ही कुकर हलवला, खलबत्ता हलवला, पांघरूण काढलं. साडी कोरडी होती. ती उचलली. रोप हिरवं होतं. तरीही मी विश्वास ठेवला नाही, तिथेच उभी राहून त्या पानांकडे बघत राहिले, काळी पडतायत का, लोंबतायत का. ती लोंबली नाहीत. नवऱ्याने एक पान बोटात धरून वाकवलं. ‘सॉफ्ट आहे,’ तो म्हणाला.

मी साडी तशीच खांद्यावर टाकून आत पळाले.

बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. दिवा लावलेला नव्हता. डोकं उघडं, पाय उघडे, फरशीवर टेकलेले.

‘बाबा, वाचलं! खरंच वाचलं, चला बघायला!’

‘ऐकलं,’ ते म्हणाले. उठले नाहीत.

मग ते म्हणाले, ‘तिचे पाय गार पडले असतीन.’

मी खांद्यावरची साडी सावरली.

‘दवाखान्यातलं ब्लँकेट आखूड होतं. वर ओढलं की खालून उघडं पडायचं. मी वर ओढायचो. ती पाय, पाय करून राहिली होती. मले वाटलं, चालायचं म्हणते. घरी जायचं म्हणते. मी म्हटलं, जाऊ उद्या. अन् मफलर आणखी घट्ट केला.’ त्यांनी टेबलावरची कानटोपी सरळ केली. ‘इतके महिने मी विचार करून राहिलो, ती पाय काहून म्हणत होती. काल त्या साडीखाली हात घातला अन् समजलं.’

मला तो फोनचा पडदा आठवला. खाट, उशी, मफलर, चेहरा. पाय कधीच दिसले नव्हते. फोनमध्ये कोणाचे दिसतात?

‘बाबा, न्यूमोनिया होता,’ मी म्हटलं. ‘पाय झाकून काय होणार होतं?’

‘काहीच नाही,’ ते म्हणाले. ‘पण गार तं लागलं नसतं तिले.’

पाच महिने मी या माणसाला भाकरी, खीर, मिरची, सगळं पुढे करत होते आणि तो या एका प्रश्नाशी बसलेला होता, आणि त्याचं उत्तर त्याला मीच अंगणात उभी राहून ओरडून दिलं होतं.

मी खाली फरशीवर बसले आणि त्यांचे पाय मांडीवर घेतले. दगडासारखे गार होते. जानेवारीपासून हे असेच, कानटोपी घालून आणि अनवाणी, या घरात फिरत होते. मोजे मी आणून दिले होते, ते घालतात की नाही हे कधी पाहिलं नव्हतं. खांद्यावरची साडी ओढून काढली. ती पांघरुणाखाली होती, त्या कॅनच्या आणि मातीच्या संगतीत, म्हणून अजून जराशी कोमट होती. मातीचा वास येत होता. दोन्ही पाय तिच्यात गुंडाळले, घोट्यापर्यंत, मग वर पोटरीपर्यंत, आणि दोन्ही हातांनी धरून बसले.

बाबांनी पाय मागे घेतले नाहीत. ते रडत होते की नाही, मी वर पाहिलं नाही.

नवरा आत आला, आम्हाला बघून दारातच थबकला, मग त्याने चहाचं आधण ठेवलं. चहा उकळला, त्याने तीन कप भरले.

‘रोप उघडं आहे का?’ बाबांनी विचारलं.

‘ऊन आलंय, बाबा. आता उघडंच ठेवायचं.’

‘बरं.’ त्यांनी नवऱ्याच्या हातून कप घेतला. अर्धा प्यायले. मग म्हणाले, ‘काल भाकरी केली होती, ती आहे का?’

‘आहे. गरम करते,’ म्हणून मी उठायला लागले.

‘तो करीन गरम,’ बाबा म्हणाले. ‘तू सोडू नको अजून.’